दहा बोटं कुठं लिहिलीत?

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माणसाला जगाच्या शेवटाचं फार कौतुक राहत नाही. मृग कोरडा गेला की शेवट जवळ येतो, गारपीट झाली की जवळ येतो, तिकडं आखातात विमानं उडाली की अगदी दाराशी येतो. पाळकसाहेब येशू शेवटाबद्दल बोलतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय काढतात, बायका डोक्यावर पदर घेतात, मागच्या बाकावरची पोरं मोबाईल खिशात घालतात. रविवारी शेवट ऐकायचा आणि सोमवारी सोयाबीनचा भाव बघायचा, हे आमच्याकडं तीन-चार पिढ्या सुरळीत चालू आहे.

भविष्यवाणी शब्दशः वाचणाऱ्यांची थट्टा करणं सोपं असतं आणि ती पुष्कळांनी करून झालेली आहे. माझी तक्रार निराळी आहे. ही माणसं शब्दाला पुरेशी चिकटत नाहीत. ‘आम्ही शास्त्रात लिहिलंय तेवढंच सांगतो’ म्हणणारा वक्ता वचन काढतो, अर्धं वाचतो आणि उरलेलं पदरचं घालतो. ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात, कारण उरलेलं अर्धं त्यांनीही कधी वाचलेलं नसतं.

लहानपणी जालन्याकडच्या एका कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मंडळ्यांच्या प्रवचनांच्या मेळाव्यात, मांडवात टांगलेला एक कापडी पट मला अजून आठवतो. दोन्ही टोकांना बांबू, वरच्या बांबूला सुतळी, आणि कापडावर ऑइल पेंटनं रंगवलेला, बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला, बाबेलच्या राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा. सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, आणि पावलं लोखंड नि मातीची मिसळ. डोक्यापाशी ‘बाबेल’, छातीपाशी ‘मेद-पारस’, पोटापाशी ‘ग्रीस’, पायांवर ‘रोम’. इथवर परंपरेला धरून. पण खाली पावलांच्या दहा बोटांवर बारीक ब्रशनं दहा देशांची नावं लिहिलेली होती, फ्रान्स, इटली, बेल्जियम अशी. युरोपच्या सामायिक बाजारपेठेत दहा देश झाले की शेवटच्या काळातला ख्रिस्तविरोधी उभा राहणार, असा तो हिशेब. ग्रीस आल्यावर १९८१ साली तिथं खरोखरच दहा देश झाले. वक्ते वेळूच्या छडीनं एकेका बोटावर टकटक करायचे आणि आमच्या अंगावर काटा यायचा. मग १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आत आले, देश बारा झाले, आणि पटावरची बोटं दहाच राहिली. तो पट पुढंही काही वर्षं मांडवात लागत होता. अंगठ्यावरचा रंग उडाला होता, बस्स.

पण खरी गंमत मला फार उशिरा कळली. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात पावलं आहेत, बोटंही आहेत. ‘दहा’ हा आकडा नाही. एकदाही नाही. पुतळा माणसाचा म्हणून बोटं दहा असणार हे आपण धरून चालतो, हात आणि कानही दोनच धरतो तसं. दहा आहेत ती शिंगं, आणि ती सातव्या अध्यायातल्या चौथ्या श्वापदाला आहेत. दोन स्वप्नं एकमेकांवर ठेवून बघायला माझी हरकत नाही, जुने टीकाकारही ठेवतात. पण मग तसं सांगावं. जो आकडा मजकुरात नाही त्याच्यावर दहा देशांची नावं रंगवायची आणि वर ‘लिहिलंय तेवढंच’ म्हणायचं, याला आमच्याकडं सरळ ‘दडपून देणं’ म्हणतात.

मत्तय २४ ची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तो अध्याय आमच्या अंगावरून गेलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, गणपती बुडवून माणसं नुकती आडवी झालेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्या भागातली घरं माळवदाची. दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर सगळं ओझं एकदम. ६ च्या थोड्या वरच्या तीव्रतेचा धक्का जगात दुसरीकडं एवढी माणसं मारतोच असं नाही. इथं माणसं भिंतींनी आणि माळवदांनी मारली.

माझी आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. पथकाबरोबर ती उमरग्याकडं गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. परतल्यावरच्या पहिल्या उपासनेत वक्त्यांनी अर्थातच मत्तय २४ काढला. राष्ट्रावर राष्ट्र उठेल, जागोजागी दुष्काळ व भूकंप होतील. दुष्काळ आपण पाहिला, भूकंप आला, बंधूंनो आता काय उरलं? आत्या माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पवित्र शास्त्र मांडीवर उघडं ठेवलं होतं, बोट ओळीवर. घरी येताना रस्त्यात म्हणाली, “भूकंपाचं तेवढं वाचायलेत. अलीकडची ओळ कोण वाचावी, पलीकडची कोण वाचावी?”

अलीकडची ओळ म्हणजे सहावं वचन. लढाया होतील, त्यांच्या आवया ऐकाल, घाबरू नका. हे व्हायचंच आहे, पण एवढ्यानं शेवट होत नाही. आणि पलीकडची ओळ म्हणजे आठवं वचन: ही तर वेदनांची सुरुवात. वेदना म्हणजे बाळंतपणाच्या कळा, मूळ भाषेतही तेच. भूकंपाचं वचन या दोन ओळींच्या मधे बसलेलं आहे, आणि दोन्ही ओळी एकच सांगतात, की यावरून शेवट मोजू नका. येशू तिथं खुणा सांगत नाही, कोणत्या गोष्टींना खूण समजून फसाल ते सांगतोय. त्या अध्यायात त्याच्या उत्तराचा पहिलाच शब्द ‘सांभाळा’ असा आहे, कोणी तुम्हाला फसवू नये म्हणून.

आणखी एक. भूकंप ‘वाढतील’ असं तिथं नाही. ‘होतील’ असं आहे. तरी दर कन्व्हेन्शनला भूकंप वाढल्याचं सांगतात. सात आणि त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होतात. एखाद्या वर्षी जास्त, एखाद्या वर्षी कमी. यंत्रं वाढली म्हणून बारीक धक्के जास्त नोंदले जातात, आणि मोबाईल वाढले म्हणून ते जास्त पोचतात. ते काही असो, वाढीचं गणित मांडायची गरजच नाही, कारण वचनानं वाढ कबूल केलेलीच नाही.

आता तारखांचं. ‘त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी’ कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, हे वचन इतकं सरळ आहे की त्यातून वाट काढायला खरोखर हुशारी लागते. आणि लोकांनी ती काढलेली आहे. एक वक्ते मोठ्या आनंदानं म्हणाले होते, “दिवस नि घटका म्हटलंय. वर्ष कुठं म्हटलंय?” मांडवात हशा आणि टाळ्या. मला त्या युक्तीचं कौतुक वाटलं आणि लगेच कीवही आली. ही फट शास्त्रानंच बुजवलेली आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात शिष्य विचारतात, प्रभू, आता का? आणि उत्तर येतं की काळ आणि समय जाणणं तुमच्याकडं नाही. इथं दिवस नाही, घटका नाही. सबंध काळच हातातून काढून घेतलाय. त्यानंतरचं वचन कामाला लावतं: साक्षी व्हा, यरुशलेमेपासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत. ‘शेवट’ तिथं येतो तो जागेचा.

विल्यम मिलर हा अमेरिकेतला शेतकरी. मनापासून वाचणारा माणूस, ढोंगी नव्हे. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस त्यानं २३०० वर्षं धरले, इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि १८४३-४४ वर येऊन थांबला. ते वर्ष कोरडं गेल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. माणसांनी उभी पिकं शेतात सोडली, रात्र जागून काढली. सकाळ झाली. मूळ वचनात ‘दिवस’ असं साधं नाहीच, ‘संध्याकाळ-सकाळ’ २३०० असं आहे. मंदिरात रोज संध्याकाळ-सकाळ होमार्पण होई, म्हणून काहींच्या मते ते ११५० दिवसच होतात. एवढी इमारत उभी केली आणि पायातला चिरा नीट ठोकून पाहिला नाही.

त्याच १८४३ सालात मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या तरुण ब्राह्मणानं बाप्तिस्मा घेतला. पुढं तो जालन्याला आला आणि निजामाच्या मुलुखात जमीन मिळवून, ज्यांना गावात कुणी विहिरीवर चढू देत नव्हतं अशा कुटुंबांना घेऊन त्यानं बेथेल नावाचं गाव वसवलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बेथेलचं देऊळ बघायला गेलो की मला मिलर आठवतो, त्याला इलाज नाही.

मिलरनंतर रांगच लागली. १९४८ च्या मे महिन्यात इस्राएल उभं राहिलं आणि मत्तय २४ मधल्या दाखल्यातल्या अंजिराच्या झाडाला पालवी फुटली, असं ठरलं. पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणजे १९८८. एका माजी अमेरिकन अभियंत्यानं त्यासाठी ८८ कारणं छापली आणि ती लाखांनी खपली. पुढं २०११ मध्ये एका रेडिओवाल्या वृद्ध गृहस्थांनी २१ मे सांगितला, तो गेल्यावर २१ ऑक्टोबर. आमच्या आजोबांच्या लेखी १९४८ म्हणजे रझाकार, पोलीस ॲक्शन आणि १७ सप्टेंबर. त्यांना कोणी अंजिराचं सांगितलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, ते दौलताबादकडचं का?

पण अंजिराचं वचन लूकच्या शुभवर्तमानात काढून पाहा. अध्याय २१, वचन २९. अंजिराचं झाड आणि सर्व झाडं पाहा, असं तिथं आहे. सर्व झाडं! पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे तुमचं तुम्हालाच कळतं, इतकाच तो दाखला. आमच्याकडं चैत्रात लिंबाला पालवी येते, पळस तर त्याच्या आधीच पेटतो. लिंब म्हणजे कोणता देश, असं कोणी विचारत नाही. लूकचे तीन शब्द वाचले असते तर १९८८ ची ८८ च्या ८८ कारणं लिहायची वेळ आली नसती.

त्याच्या लगतचं वचन मात्र मला सुटलेलं नाही. हे सर्व होईपर्यंत ‘ही पिढी’ नाहीशी होणार नाही. साध्या वाचनात ही पिढी म्हणजे समोर बसलेली पिढी. अध्याय सुरू होतो मंदिराच्या चिऱ्यांपासून, आणि इ.स. ७० मध्ये, त्याच पिढीच्या हयातीत, रोमन सैन्यानं ते मंदिर जाळलं. तिथवर चोख बसतं. पण मधेच मनुष्याचा पुत्र मेघांवर येतो, आणि तो ७० साली आला असं म्हणायला दानीएलाच्या सातव्या अध्यायाचा आधार घ्यावा लागतो. तिथं मेघांवर येणारा खाली येत नाही, तो पुराणपुरुषाकडं, म्हणजे देवाकडं, जातो. काहींना ते पटतं. काही ‘पिढी’चा अर्थ ‘वंश’ करतात. मला ती ओढाताण वाटते, कारण मत्तयात इतरत्र ही पिढी म्हणजे ही पिढीच. मी पहिल्या बाजूला झुकतो. पुरता जात नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात, श्वापदाचा शिक्का आणि ६६६ हा त्याचा आकडा येतो; त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. बारकोड, मग आधार, मग लसीचं प्रमाणपत्र, आता पुढचं जे काही येईल ते. आधारचे आकडे बारा आहेत, पण फॉरवर्ड करणाऱ्याला बारातून ६६६ काढता येतात. ‘नेरो कैसर’ हे नाव इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरांत लिहून त्या अक्षरांची किंमत मांडली की बेरीज ६६६ येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे तेही त्याच नावातला शेवटचा ‘न’ गाळला की जुळतं. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूला दोन्ही आकडे माहीत होते. त्यानं स्वतः दोन-तीन नावं जुळवून दाखवली आणि मग म्हटलं की नाव ठोकून सांगण्यापेक्षा वाट पाहणं बरं. हे अठराशे वर्षांपूर्वी. आणि एक बारीक गोष्ट: अध्याय तेरा जिथं संपतो त्याच्या पुढच्याच वचनात कोकऱ्याबरोबरच्या, म्हणजे ख्रिस्ताबरोबरच्या, १ लाख ४४ हजार लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. दोन शिक्के समोरासमोर ठेवलेत. तो दुसरा शिक्का कोणत्या मशीननं मारतात हे अजून कोणी फॉरवर्ड केलेलं नाही.

प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन मात्र थांबून वाचण्यासारखं आहे. आमच्याकडं ते कबरस्थानात वाचतात. आत्याच्या मातीलाही वाचलं. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले आपण त्यांच्याबरोबर मेघांत, प्रभूला सामोरे होण्यासाठी, घेतले जाऊ. सबंध ‘उचलले जाणे’, म्हणजे विश्वासणारे अचानक जगातून नाहीसे होतील ही शिकवण, याच वचनावर उभी आहे. विमानाचा पायलट गायब, चुलीवरची भाकरी करपतेय, वगैरे. या चित्राला दोनशे वर्षंही पुरती झालेली नाहीत. १८३० च्या सुमाराला जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकानं ते मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्डच्या टीपांच्या बायबलनं घरोघरी नेलं.

‘सामोरे होणे’ हे शब्द नव्या करारात अशाच अर्थानं आणखी दोन ठिकाणी येतात. एक दहा कुमारींच्या दाखल्यात: वर आला, त्याला सामोऱ्या निघा. दुसरं पौलाच्या प्रवासात: तो कैदी म्हणून रोमला येतोय हे कळताच तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे साधारण ६५ किलोमीटर, त्याला सामोरे आले. दोन्ही ठिकाणी सामोरं गेलेलं माणूस परत फिरतं, पाहुण्याला घेऊन. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. नवरदेव वेशीवर येतो, मारुतीपाशी थांबतो, मुलीकडची मंडळी वाजंत्री घेऊन सामोरी जातात, सीमांतपूजन होतं आणि त्याला मांडवात आणतात. सामोरं गेलेला एखादा चुलता नवरदेवाच्या जीपमध्ये बसून परस्पर त्याच्या गावाला निघून गेला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

यावरून सगळं सिद्ध होतं असं नाही. पौलानं तिथं पुढची दिशा लिहिलेलीच नाही. वर गेले की खाली आले, काही नाही. फक्त सर्वकाळ प्रभूजवळ राहू, एवढंच. त्यानं न लिहिलेलं मीही भरणार नाही. मात्र त्यानं लिहिलेलं एक वचन कन्व्हेन्शनमध्ये वाचताना हमखास गळतं, ते लगेच पुढचं, अध्यायाचं शेवटचं: म्हणून या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. थेस्सलनीकातल्या लोकांची माणसं मेली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मागं राहतील अशी धास्ती त्यांना होती. पत्र त्या धास्तीला आहे. कबरस्थानात ते बरोबर जागी वाचलं जातं, मांडवात चुकीच्या.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही काहीजण छत्रपती संभाजीनगरात एकाच्या घरी शनिवारी संध्याकाळी प्रकटीकरण वाचतो. घाई नाही. एक निवृत्त तलाठी आहेत, एक नर्सिंगची विद्यार्थिनी, वाळूजला कंपनीत जाणारे दोघं, मी, आणि ज्यांचं घर आहे त्या काकू. सहाव्या अध्यायात गुंडाळीवरचा तिसरा शिक्का फुटतो आणि काळा घोडा निघतो. स्वाराच्या हातात तागडी. आणि आवाज येतो: एका दिनाराला शेरभर गहू, एका दिनाराला तीन शेर जव, तेलाला आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नको.

हे वचन मी पूर्वी आजीला वाचून दाखवलं होतं. ती शिकलेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, पाझर तलावावर माती वाहिली होती, कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणली होती, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या होत्या. त्या भाकरीची चव सांगताना ती अजून तोंड वाकडं करायची. तिनं विचारलं, दिनार म्हणजे किती? म्हटलं, मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि ते शेरभर? एका माणसाचं दिवसाचं पोट. तिनं क्षणभर हिशेब केला. “मग गहू कोण घेतंय, जवच घेतले असतील. तीन मापं. नवरा-बायको नि एक लेकरू.” मग म्हणाली, “दुसरं लेकरू?”

मी त्या वचनावर जेवढं वाचलंय त्यात हा प्रश्न इतका नेमका कुठं सापडला नाही. आमच्याकडं तेव्हा गहू सणाचा आणि ज्वारी रोजची. तिला जव म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही.

तो दर हवेतला नाही. पिसिदियातल्या अंत्युखियात, जिथं पौलानं उपदेश केला त्याच शहरात, एक लॅटिन शिलालेख सापडलाय. साधारण इ.स. ९२-९३ चा. कडक हिवाळ्यानं पीक गेलं, धान्य महागलं, म्हणून रोमन सुभेदारानं फर्मान काढलं: ज्याच्याकडं धान्य असेल त्यानं जाहीर करावं, आणि एका मोदियसला, म्हणजे धान्याच्या एका रोमन मापाला, एक दिनारापेक्षा जास्त दर घेऊ नये. त्याआधी दर आठ-नऊ आस होता. सोळा आसांचा एक दिनार. म्हणजे टंचाईत दुपटीपर्यंत सूट होती. एका मोदियसमध्ये आपल्या वचनातली साधारण आठ मापं बसतात. प्रकटीकरणातला गहू त्या टंचाईच्या कमाल दराच्याही आठ पट आहे, आणि नेहमीच्या दराच्या चौदा ते सोळा पट. पुस्तक बऱ्याच अभ्यासकांच्या मते याच दशकातलं, आणि ज्या सात मंडळ्यांना ते लिहिलं त्या त्याच आशिया मायनरमधल्या. त्यांना तागडीचा अर्थ पंचवीस शतकांचा तक्ता टांगून समजावावा लागला नसेल.

तेल आणि द्राक्षारसाचंही तसंच. त्याच सुमाराला बादशहा डोमिशियननं, द्राक्षमळ्यांपायी धान्याची शेती मागं पडते म्हणून, प्रांतांतले निम्मे मळे तोडायचा हुकूम काढला होता. तो अमलात आणायचा त्यानं मग सोडून दिला. म्हणजे भाकरी महाग आणि द्राक्षारस सुरक्षित, हे ऐकणाऱ्यांना रोजचं होतं.

आणि आम्हाला? २०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, टाक्यांभोवती जमावबंदी. त्याच उन्हाळ्यात इकडं जायकवाडीचं पाणी दारूच्या आणि बीअरच्या कारखान्यांना चालूच होतं, आणि ते कमी करा असं सांगायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लागलं. वाळूजवाल्या दोघांपैकी एक तेव्हा अशाच एका कारखान्याच्या शेजारच्या कंपनीत होता. तो म्हणाला, “आमच्या कॉलनीत टँकरला भांडणं चालायची, आणि शेजारी बाटल्या धुवायच्या लाइनला पाणी.” तेवढं बोलून त्यानं वचन परत वाचलं.

मग त्या शनिवारी खरा वाद पेटला, आणि तो एका बारीक गोष्टीवरून. तेलाला धक्का लावू नको, हे बोलतं कोण? स्वार नाही. देवदूत म्हटलेला नाही. ‘चार प्राण्यांच्या मधून जणू एक आवाज’ असं योहान लिहितो. जणू. बोलणाऱ्याचं नाव नाही.

निवृत्त तलाठ्यांनी नोकरीत अनेक वर्षं पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, काढलेली. तेव्हा पन्नास पैशांच्या आत आली तरच दुष्काळ, एक्कावन्न आली की नाही. ते म्हणाले, “हे देवाचं बोलणं नव्हे. हा बाजारातला भाव आहे. मोंढ्यात लिलावाला पुकारणारा वेगळा असतो आणि ठरवणारा वेगळा. योहानानं पुकारा ऐकला.”

नर्सिंगवाली पोरगी ऐकेना. “काका, पण आवाज चार प्राण्यांच्या मधून येतो. चौथ्या अध्यायात ते प्राणी कुठंयत? सिंहासनाभोवती. मधून म्हणजे सिंहासनापासूनच ना?”

“मग देव म्हणतो का, की श्रीमंताची दारू सांभाळा?”

“तसं नाही. देव मर्यादा घालतो. एवढंच महाग होऊ दे, याच्यापुढं नाही. तेल तर गरिबालाही लागतं, जखमेला लावायलाही लागतं.”

“आणि द्राक्षारस?”

“तोही औषधाला. पोटासाठी थोडा घे, असं तिमथ्याला पौल म्हणतोच ना?”

तलाठी काका हसले, पण चष्मा काढून चौथा अध्याय त्यांनी पुन्हा पाहिला. काकूंनी मधेच सांगितलं की आपल्या सासरी नाशिककडं द्राक्षं आहेत, दुष्काळात ती टँकरनं जगवली, ज्वारी वाळू दिली; तेव्हा दोघांचंही खरं असू शकतं. वाळूजवाल्याचं मत तलाठी काकांकडं. माझं अजून ठरत नाही. ‘जणू’ हा शब्द योहान उगाच घालत नाही असं मला वाटतं, पण तो त्या पुस्तकात जागोजागी ‘जणू’ आणि ‘सारखा’ म्हणतो, त्यामुळं फार जोर देता येत नाही. पोरीनं वहीत सिंहासन शब्द येणारी सगळी वचनं काढून आणते म्हणून सांगितलंय. काकांनी पोरगी काढून आणेल ती वचनं एकेक तपासायची असं कबूल केलंय. चौथा शिक्का त्यामुळं पुढच्या शनिवारवर गेला.